माशीवाल्याची बायको

"तुमच्या घरात कपडे कोण धुतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काकूंना वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. दोन वर्षांची सर्दी, सकाळी सुजून बंद होणारे डोळे, आणि परवा तर मोरीतच चक्कर येऊन भिंतीला धरून बसायची वेळ आलेली. आणि या बाईंना धुण्याची चौकशी पडली होती.

"मीच धुते की. आणखी कोण धुणार?"

"मिस्टरांचे मधमाश्यांच्या कामाचे कपडेसुद्धा?"

"ते आधी. चांगले झटकून मग भिजवते."

"झटकता कुठे?"

"मोरीत. दार लावून. नाहीतर मेलेल्या माश्या नि मेणाचे कण घरभर होतात हो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. त्या कपड्यांवर माश्यांचं विष वाळून बसतं, धुळीसारखं. तीस वर्षं काकू ते बंद मोरीत झटकून नाकावाटे आत घेत आल्या होत्या. काकांना डंख बसून बसून ते अंगवळणी पडलं. काकूंच्या अंगानं मात्र त्याच्याशी वैर धरलं.

"यापुढे एक माशी चावली तरी जिवावर बेतेल," त्या म्हणाल्या. "हे इंजेक्शन कायम जवळ ठेवा. मांडीत कसं टोचायचं ते सिस्टर दाखवतील. पण खरं सांगू? घरात माश्या राहतील, नाहीतर तुम्ही."

काकू पायीच घरी निघाल्या. दोन वर्षं त्यांनी काय काय नाही केलं! उशा बदलल्या, साबण बदलला, मांजर शेजारणीला दिलं. काखेत कळसा नि गावाला वळसा. आजाराचं कारण रोज घरातल्याच बादलीत भिजत पडलेलं होतं. त्यांना रडू आलं नाही, फक्त फार दमल्यासारखं झालं. उद्या सकाळी माश्यांच्या बत्तीस पेट्या मोहोरापुरत्या सफरचंदांच्या बागेत न्यायच्या होत्या. पेट्या उचलायच्या म्हणजे चिडलेल्या माश्या अंगणभर. म्हणजे जे बोलायचं ते आजच बोलायला हवं होतं.

घरात शिरल्या तर टेबलाशी बागवाला बसलेला, आणि काकांचं व्याख्यान रंगात आलेलं. काकांच्या हाती पाहुणा लागला की त्याची सुटका नसे. समोर जे खायला-प्यायला असेल तिथून ते सुरू करत.

"ही कॉफी पितोयस ना? माश्या फुलावर बसल्या तर बी भरपूर धरतं. नाही बसल्या तर निम्मा कप पी. तुझं सफरचंद, भोपळा, काकडी, बदाम, सगळं माश्यांच्या पायावर उभं आहे. चॉकलेटला तर चिलटं लागतात, चिलटं! आपण त्यांना हाकलतो. तुझा हा सदरा सुती दिसतोय..."

"राहू दे हो, सदरा तरी राहू दे त्याच्या अंगावर," काकू चपला काढता काढता म्हणाल्या. हे व्याख्यान त्यांना पाठ होतं. माश्या संपल्या की माणसाच्या ताटात कोरडा पाव नि भात उरेल, इथे ते संपायचं.

बागवाला हसला. तो काकांचा मुलगा शोभेल एवढ्या वयाचा. बाप गेल्यापासून सगळी बाग त्याच्याच अंगावर होती.

"काका, म्हणूनच म्हणतोय. पेट्या मला कायमच्याच द्या. प्रत्येकीत एक छोटं यंत्र बसवतो. आतला आवाज, ऊब, वजन, सगळं फोनवर दिसतं. आजारी पेटी कुठली, हे घरबसल्या कळतं."

"मला पेटीला कान लावला की कळतं. कान काय भाड्याने दिलाय मी?"

"तुम्हाला कळतं हो. तुमच्यानंतर कुणाला कळणार?"

"मग माझ्यानंतर ये!" काका खदखदून हसले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला फाटकापर्यंत सोडून आले.

परत येताना त्यांनी खुंटीवरचा अंगरखा, विजार नि जाळीची टोपी उचलली आणि गठ्ठा करून काकूंच्या पुढ्यात ठेवला. "अगं, एवढं धुऊन टाकशील? उद्या लागेल."

काकू दोन पावलं मागे सरकल्या. "मला नाही धुता येणार."

"का? संपावर गेलीस?"

काकूंनी पर्समधून डॉक्टरीणबाईंचा कागद काढून दिला. काकांनी चष्मा शोधला, तो कपाळावरच होता. कागद वाचला, मागून पाहिला, पुन्हा वाचला.

"किती दिवस चाललंय हे?"

"दोन मोसम."

"आणि तू सर्दी सर्दी म्हणत होतीस."

"मला तरी कुठे ठाऊक होतं? पण मोहोराच्या दिवसांत वाढतं, एवढं येत होतं ध्यानात." त्यांनी पर्स मिटली. "मनातून शंका होती. बोलले नाही. बोलले असते तर काय केलं असतंत तुम्ही?"

काकांनी गठ्ठा उचलला, तो बाहेर पेट्यांजवळच्या खोपटात नेऊन टाकला आणि बराच वेळ हात धुतले. मग अंगणातूनच फोन लावला. काकूंना फक्त एवढंच ऐकू आलं, "उद्या नेतोस त्या परत आणू नकोस. हो. सगळ्या. नाही रे, थट्टा नाही."

सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. काकूंना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण त्यांना रागच आला. या माणसानं थोडं तरी भांडायचं होतं. निम्म्या ठेवतो म्हणायचं होतं, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू म्हणायचं होतं. तीस वर्षांचा माश्यांचा संसार त्यानं दोन मिनिटांत मोडला, तोही आपल्यासाठी, आणि वर "जेवायला काय आहे?" म्हणून विचारलं.

सकाळी काकू खिडक्या बंद करून आतल्या खोलीत बसल्या. बाहेर ट्रक आला, काकांचा आवाज आला, "हळू, हळू, आडवी नको!" आणि मग तोही थांबला. दुपारी त्यांनी खिडकी उघडली तर अंगणात बत्तीस चौकोनी पिवळे डाग होते. तेवढ्या जागी गवत उगवलंच नव्हतं.

पुढचे दिवस काढणं जड गेलं. काकूंचं नाक मोकळं झालं, डोळ्यांची सूज उतरली. काका मात्र घरात नुसते पायात पायात येत. ज्याला कधी चहाचा डबा कुठे असतो ते ठाऊक नव्हतं, त्यानं सगळे डबे उतरवून पुसले आणि चुकीच्या जागी लावले. साखरेच्या जागी मीठ हाताला लागलं, तेव्हा काकूंनी ते दोन डबे तेवढे गुपचूप बदलले.

बागवाला भला माणूस. त्यानं ते यंत्रांचं सगळं काकांच्या फोनवर लावून दिलं होतं. बत्तीस आकडे, प्रत्येकापुढे हिरवा ठिपका. आकड्यावर बोट ठेवलं की पेटीचा आवाज ऐकू यायचा. काका सकाळी एकेक लावत आणि डोळे मिटून ऐकत. काकूंनी तीस वर्षांत पेटीला कधी कान लावला नव्हता, आपली दुरूनच काय ती ओळख. एकदा त्यांनीही ऐकलं. लांबवर कुणाचं तरी शिवणयंत्र चाललंय तसं वाटलं.

नवव्या दिवशी सकाळी काका ऐकता ऐकता ताठ बसले.

"चौदा नंबर. राणीमाशी गेलीय."

"अहो, ठिपका तर हिरवा दिसतोय."

"ठिपक्याला काय कळतंय? कण्हताहेत त्या. ऐक."

काकूंना फरक कळला नाही, पण काकांचा चेहरा कळला. काकांनी बागवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, यंत्र तर सगळं ठीक सांगतंय. तरी तुम्ही म्हणताय तर बघतो दोनतीन दिवसांत." काकांनी फोन टेबलावर पालथा घातला आणि भिंतीकडे बघत बसले.

"दोनतीन दिवसांनी काय होईल?" काकूंनी विचारलं.

"होईल काय? अंडी नाहीत, पिल्लं नाहीत. रोज थोड्या थोड्या संपत जातील. ऐन फुलोऱ्यात." मग स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाले, "जाऊ दे. आता माझ्या कुठे आहेत त्या."

काकूंनी भाजीची सुरी खाली ठेवली. हा माणूस आपल्यासमोर असाच बसून राहणार, रोज, आणि एकदाही तोंडातून शब्द काढणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसलं. ते त्यांना सोसणारं नव्हतं.

"जा तुम्ही," त्या म्हणाल्या.

"वेडी आहेस का? डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"घरात नको म्हणाली. तुमचे कपडे तिकडेच बागेत घाला, तिकडेच धुवा. कसे धुतात ते तरी कळू द्या एकदा. आणि घरात पाय टाकायच्या आधी बाहेरच्या नळाखाली आंघोळ. मी दाराला आतून कडी घालून बसते."

"पाणी बर्फासारखं असतं त्या नळाचं."

"मग नका जाऊ."

काका पाच मिनिटांत निघाले, जाळीची टोपी विसरून.

काकूंनी सगळ्या खिडक्या लावल्या, दाराला कडी घातली आणि खिडकीच्या काचेशी खुर्ची ओढून बसल्या. इंजेक्शन मांडीवर होतं. कंटाळून दोनदा डुलकी लागली. ऊन कलायला आलं तेव्हा फाटक वाजलं.

काकांनी अंगातले कपडे काढून फाटकाजवळच्या बादलीत बुडवले आणि चड्डीवर नळाखाली उभे राहिले. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, थंडीनं उड्या मारत होता. काकूंना हसू आलं. केसांतून बोटं फिरवून, कान झाडून, मान पुसून ते काचेसमोर येऊन उभे राहिले.

"खरंच गेली होती राणी," ते काचेबाहेरून ओरडले. "दुसऱ्या पेटीतली अंड्यांची चौकट दिलीय त्यांना. त्यातून करतील आता नवी राणी."

"किती वेळा चावल्या?"

"चार. ओळखलं नाही बहुतेक."

काकू कडीकडे गेल्या नाहीत. त्या काचेजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "फिरा."

काकांनी दोन्ही हात वर केले आणि कुडकुडत, सावकाश गोल फिरले. पाठ दाखवली, काखा दाखवल्या, वाकून डोक्याचा मागचा भाग दाखवला. पाठीची हाडं दिसत होती, खांद्यावर जुन्या पेट्यांच्या कडांचे घट्टे होते. काकूंनी चष्मा पुसून एकेक बोटभर जागा तपासली. डाव्या कानामागे काहीतरी काळं दिसलं, त्यांनी काचेला नाक लावलं. तो तीळ होता. इतक्या वर्षांत त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

"आणखी एकदा," त्या म्हणाल्या.

काका पुन्हा फिरले. मग काकूंनी कडी काढली.