भिमाजीच्या पिकअपचं बंधन

भिमाजीची पिकअप चढावर नेहमीच्या जागी बंद पडली आणि मागे कोंबलेली माणसं खाली उतरून हात जोडून उभी राहिली. गाडी बंद पडली की बॉनेट उघडतात, अशी माझी आपली समजूत. इथे नारळ फोडत.

बहात्तरचा दुष्काळ होता. निम्मं गाव या गाडीने पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाई आणि मी तलावापलीकडच्या शाळेत विज्ञान शिकवायला. गाडी नगरच्या मिलिटरी लिलावातली, हँडल मारल्याशिवाय न उठणारी. भिमाजीशेजारच्या सीटवर सहादू भगत फुकट बसे. हा केडगावहून येऊन आमच्या म्हसोबापाशी ठाण मांडून बसलेला. रोज सकाळी तो गाडीला 'बंधन' घाली, म्हणजे पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर तेलात कालवलेला शेंदूर थापी. चढावर गाडी थांबली की तो झाकण उघडून टाकीत मंत्र फुंकी, आणि गाडी चालू होई. तलावावर पोचलं की उपरण्याने शेंदूर पुसून बंधन उतरवी. रोज बंधन घालूनही गाडी रोज थांबते कशी, असं मी एकदा विचारलं होतं. "बंधन हाय म्हनून निस्ती थांबती गुरुजी. नसतं तर दरीत गेल्ती," असं उत्तर मिळालं. त्यावर लोकांनी माना डोलावल्या होत्या.

त्या दिवशी मात्र भगत जास्तच घुमू लागला.

"ओम ऱ्हीम, इंजिनाय फट्! गाडीत वंगाळ बसलंय. ती लंका! तिच्यापायी गाडी अडती. उद्यापास्नं तिला बसवायची न्हाई!"

लंकाबाई विधवा, पदरी दोन लेकरं. तिच्या घराने छप्पन साली धम्म घेतला आणि देव्हारा उचलला. तेव्हापासून त्या घरातून म्हसोबाला नारळ गेला नाही. भगताचं दुखणं तिथे होतं. गाडी नाही म्हणजे मैलोनमैल चाल, चालत गेलं की उशीर, आणि उशिरा आलेल्याला मुकादम उभा करत नसे. काम नाही तर घरात चूल नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सगळे खाली मान घालून पायाने माती उकरत होते. मला त्यांची चीड आली.

"भिमाजी, बॉनेट उघड," मी म्हणालो.

प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरली आणि हँडल मारायला लावलं. ठिणगी चांगली पडत होती. कार्बोरेटरकडे येणारी नळी सैल केली, तर ती कोरडी ठणठणीत. टाकी मात्र अर्धी भरलेली.

"टाकीत पेट्रोल आहे, नळीत नाही. मधे अडवतंय कोण?"

"त्येच तर सांगतोय मी!" म्हणत भगताने टाकीचं झाकण फिरवलं. सूंऽऽ करून आवाज झाला.

"गेली, गेली बया!" लोक ओरडले. मी मात्र झाकणाकडे बघत राहिलो. काही बाहेर गेलं नव्हतं, वारा आत ओढला गेला होता.

लंकाबाई पुढे आली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत होता.

"बुवा, उद्या मी कोंबडं आरवायच्या आत चालत निगते. माझ्याबिगर गाडी चढली, तर पुन्यांदा पाय ठेवनार न्हाई. पर बंद पडली, तर हितनं फुडं तुमी चालायचं. हाय कबूल?"

चारचौघांत नाही म्हणायची सोय नव्हती. भगत म्हणाला, "कबूल."

दुसऱ्या दिवशी भगत झाकणाला नुसतं बोट टेकवून निघाला होता, पण 'आज बंधन पक्कं घाला' म्हणत लोकांनीच नेहमीपेक्षा जाड थर थापून घेतला, आणि लंकाबाईशिवाय गाडी निघाली. चढ आला. इंजिन खोकलं, दोन गचके दिले आणि थांबलं. समोर दगडावर लंकाबाई बसलेली, पाय धुळीने भरलेले.

"काय बुवा, आज कोन बसलंय गाडीत?"

भगत गडबडला. "तिची... तिची सावली पडलीया वाटंवर!"

"सूर्य अजून वर यायचाय," मी म्हणालो. "झाकणाला हात लावू नका. मंत्रही नको."

मी बाभळीचा काटा मोडला, झाकणावरचा शेंदूर खरवडला आणि खाली सापडलेल्या बारीक भोकात काटा घातला. पुन्हा तोच सूंऽऽ.

"मार हँडल."

दोन-चार झटक्यांत गाडी धडधडू लागली. भिमाजी तोंड उघडं टाकून बघत राहिला. "गुरुजी, ह्ये काय हो?"

"पेट्रोल बाहेर गेलं की तेवढी हवा टाकीत यावी लागते. ती या भोकातून येते. भोक बुजलं की टाकी पेट्रोल सोडत नाही."

"अवं, राकेलच्या डब्यावानी!" लंकाबाई म्हणाली. "दुसरं भोक पाडल्याबिगर वतलं जातंय व्हय?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. प्रत्येकीच्या घरात तो डबा होता.

"आणि हा माणूस तलावावर पोचताच शेंदूर पुसतो, म्हणून संध्याकाळी गाडी सुखाने घरी येते," मी म्हणालो. "भोक ठाऊक नसेल, तर पुसायचं सुचेल कसं? गाडी लंकाबाईने अडवली नाही. ती याच्या शेंदराने अडवली, आणि तुम्ही एका बाईच्या तोंडचा घास काढायला निघालात! उद्या कुणी तुमच्याकडे बोट दाखवलं, तर हात जोडायच्या आधी झाकण तपासा. कसं झालं, हे विचारायला कुठल्याही देवाची मनाई नाही."

भिमाजीने धोतराच्या सोग्याने झाकण लख्ख पुसलं आणि पुढचं दार उघडलं.

"बस, लंकाक्का. फुडं बस."

ती भगताच्या सीटवर बसली. गाडी हलली तशी तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बुवा, बेतानं चाला. वाटंत माझी सावली आडवी यील!"