राघू, थ्रॅश आणि आप्पांची मिशी

माझ्या नवऱ्याचे केस कमरेपर्यंत आहेत, आणि लग्नाला हो म्हणायचं खरं कारण तेच होतं. स्थळं नाशकात पुष्कळ येत होती, सगळी एकाच साच्यातून काढलेल्या गणपतींसारखी. मयूर पिंपळगाव बसवंतच्या बाहेर द्राक्षबाग करतो आणि दिवसभर हेवी मेटल नावाचं दणदणाटी विलायती संगीत ऐकतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण फवारणीला निघताना तो केसांचा बुचडा बांधतो तेव्हा फार देखणा दिसतो, हे सांगायला मी लाजत नाही.

तर हे केस जायची वेळ आली, आणि तीही पाखरांपायी.

द्राक्षाच्या मण्यांत साखर भरायला लागली की राघू, साळुंक्या, बुलबुल, सगळे पाहुणे न बोलावता हजर होतात. डबे बडवून त्यांना हाकलायला दरवर्षी माणसं मिळायची, यंदा कुणी मिळेना. मयूरने बागेच्या चारही कोपऱ्यांत स्पीकर बांधले आणि जाहीर केलं, "मेटलमध्ये प्रकार असतात. थ्रॅश मेटलने बुलबुल पळतील. राघूंना डेथ मेटल लागेल. डूम मात्र चुकूनही लावायचं नाही. ते संथ असतं, पाखरं तिथंच मुक्काम ठोकतील."

माझे सासरे, धोंडीरामआप्पा, बांधावर बसून मिशीला पीळ देत होते. झुपकेदार, पांढरीशुभ्र मिशी. गावात तिला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त मान आहे.

"प्रकार कसले रं त्यात? सगळा येकच गोंगाट हाय. मोटरचं बेअरिंग गेल्यावर असाच आवाज येतो."

"आप्पा, तुम्हाला थॉमसन आणि सोनाका द्राक्षं वेगळी कळतात ना? तसंच आहे हे."

"द्राक्षं खाता येतात!"

शब्दाने शब्द वाढला आणि पैज लागली. आप्पा म्हणाले, "ह्या गोंगाटात प्रकार असत्यात असं मला पटलं, तर ही मिशी उतरवीन. नाय पटलं, तर खुड्याच्या दिवशी तुझे केस मी कापणार." खुडा म्हणजे आमच्याकडची द्राक्षांची तोड. मयूर तडक हो म्हणाला. पटायचं कुणाला, तर आप्पांनाच! अशी पैज लावणारा नवरा मिळायला पुण्य लागतं. आणि मला कुणी विचारलंही नाही. केस त्याच्या डोक्यावर असतील, पण त्यांना तेल मी लावते.

सुरुवातीला मयूरचं खरं ठरलं. थ्रॅश लागताच बुलबुल उठले ते थेट हायवेपलीकडे. डेथ मेटलमधला माणूस पोटातून गुरगुरला की राघू किंचाळत पळत. ब्लॅक मेटल विहिरीत बसून रेकॉर्ड केल्यासारखं वाटत होतं. त्याने एकही पाखरू हललं नाही, पण कुरियरवाला गेटवरूनच परत गेला. पॉवर मेटलवाला गायक इतक्या वरच्या पट्टीत आणि इतक्या आनंदात गात होता, की कुठून कुठून साळुंक्या ऐकायला आल्या. आप्पा दिवसभर बांधावर बसून हे सगळं बघत. मयूर रोज संध्याकाळी विचारी, "पटलं?"

आप्पा म्हणत, "वारा होता."

मी त्यांना दोनदा झणझणीत शेवभाजी करून घातली. त्यांनी भाजी मागून मागून खाल्ली आणि मत होतं तिथंच ठेवलं.

आमच्याकडून पळालेली पाखरं शेजारच्या गेणूकाकांच्या बागेत जात. काका तावातावाने भांडायला आले आणि जाताना सगळी गाणी पेनड्राइव्हवर भरून घेऊन गेले. आता बांधाच्या दोन्ही बाजूंनी गुरगुर सुरू झाली, आणि पाखरं सरावली. राघू डेथ मेटलच्या स्पीकरवरच बसून मणी सोलू लागले. थ्रॅश चालू असताना बुलबुल निवांत चोच पुसू लागले. मयूरचं तोंड एवढंसं झालं.

"बघ, पाखरांनाबी येकच वाटतंय," आप्पा म्हणाले.

खुड्याच्या दिवशी सकाळी त्यांनी खळ्यात खुर्ची मांडली आणि घरातली मोठी कात्री आणली. मयूरने मुकाट्याने बुचडा सोडला. मला खरंच रडू यायला लागलं.

"आप्पा, टोकं तेवढी कापा ना," मी म्हटलं.

"पैज म्हंजे पैज, सूनबाई."

त्यांनी केसांची पहिली बट धरली, आणि तेवढ्यात गेणूकाकांचा स्पीकर सुरू झाला. संथ, जड, उसाने भरलेला ट्रॅक्टर चढ चढतोय असा आवाज. आप्पांची कात्री हवेतच थांबली. ते बांधाकडे तोंड करून कडाडले, "आरं ए गेण्या! सकाळच्या पारी डूम काय लावतो? राघू झोपतील की घडावर! बंद कर ते! थ्रॅश लाव, थ्रॅश! नायतर डेथ लाव, पण जुन्या धाटणीचं. नव्या डेथमधी लय चकचकाट हाय, त्याला पाखरू भीत नाय!"

मयूरने हळूच मान वळवून वडलांकडे पाहिलं. मी पुढे होऊन आप्पांच्या हातातली कात्री काढून घेतली.

"पटलं, आप्पा?"

"वारा..." म्हणता म्हणता ते थांबले. झाडाचं पान हलत नव्हतं.

संध्याकाळी आप्पा पिंपळगावहून दाढी करून आले. झुपका गेला होता. त्याच्या जागी ओठावर एक टोकदार, तलवारकट मिशी होती.

मयूर म्हणाला, "आप्पा, मिशी उतरवायची ठरली होती!"

"उतरवली की. झुपकेदार होती ती उतरवली. ही तलवारकट हाय. तुला दोन प्रकारांतला फरक कळत नाय व्हय रं?"

मयूर वाद घालायला सरसावला. मी तेलाची बाटली घेऊन त्याच्या मागे बसले आणि त्याला म्हटलं, आता गप बस.