बादलीभर माया

मित्रांनो, मी एक जुनी जास्वंद आहे. जालन्यात, मस्तगडच्या एका अंगणात माझा सारा जन्म गेला. गणपतीला वाहतात ती लालभडक जास्वंद माझी लांबची बहीण. माझं फूल सकाळी पांढरं उमलतं, दुपारी गुलाबी होतं आणि मावळतीला लाल. दिवाळीच्या सुमारास मी नुसती लगडलेली असते. मग थंडी पडली की माझं पान न् पान गळतं.

अकबरबी लग्न होऊन आली, तेव्हा टेंभुर्णीच्या माहेराहून माझी एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली होती. तिनेच मला वाढवलं. हिवाळ्यात मी उघडीबोडकी झाले की तिचा नवरा पाशामियाँ हटकून चिडवायचा, "गेली बग तुझी माहेरवाशीण!"

मग ती नखाने माझी साल जराशी खरवडून आतला हिरवा रंग दाखवायची. "आवं, झोपली हाय ती. थंडीत तिला जास्त पानी नगं, बिलकुल नगं." नमाजाआधी हात-पाय धुऊन वजू झाल्यावर लोट्यात उरलेलं घोटभर पाणी तेवढं ती माझ्या बुंध्याशी ओतायची. पाशामियाँ हसत दुकानाकडे निघायचा. त्याने तिचं कधी नीट ऐकलंच नाही.

या दिवाळीनंतर अकबरबी गेली. माझ्या अंगावर तेव्हा फुलं होती. मला हंबरडा फोडावासा वाटला, पण झाडाला कुठलं तोंड!

पुढे थंडीत माझी पानं गळाली. सून महजबीन सहज म्हणाली, "अब्बा, अम्मीची जास्वंद सुकून गेली. काढून टाकायची का?"

म्हातारा चवताळला. "हात न्हाई लावायचा! तिची येवढीच निशाणी राह्यली."

त्या दिवसापासून तो सकाळ-संध्याकाळ माझ्या बुडाशी बादली रिती करू लागला. ऐन झोपेच्या दिवसांत माझी मुळं चिखलात बुडाली आणि कुजली. त्याचा हात धरणारी आता घरात नव्हती.

आता उन्हं तापू लागलीत. शेजारच्या लिंबाला पालवी फुटली. आज पाशामियाँने तिच्यासारखीच नखाने माझी साल खरवडली. आत तपकिरी. दुसरी फांदी खरवडली, तीही तपकिरी. तो मटकन खाली बसला.

"अकबरबी, मी पानी तर बराबर घालून राह्यलो गं," म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

मित्रांनो, थंडीत पानं गाळून उभ्या राहिलेल्या झाडाला मेलेलं समजू नका. त्याला जरा निवांत राहू द्या. आणि तुमच्या घरात कुणी झाड जपत असेल, तर त्या माणसाचं म्हणणं आजच ऐकून घ्या.

पाशामियाँ डोळे पुसून उठलाय. नळाखाली बादली लावलीय.