हे वजन तुमचं आहे का?

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते एवढंच, "रक्तदाब वाढलाय. आठ-नऊ किलो उतरवा, रोज चाला." सांगणं रास्त होतं. गणवेशाच्या दुकानात शिलाईकाम करणाऱ्या त्या बाईने ते मनावरही घेतलं. पण मनावर घेणं आणि डोक्यात घालून घेणं यातला फरक आपल्याला कुठे कळतो! चालणं सुरू व्हायच्या आधी घरात काटा आला. साधासुधा नव्हे, काचेचा आणि मोबाईलशी बोलणारा. अनवाणी उभं राहिलं की तो तळपायांतून अगदी बारीक वीज सोडायचा आणि वजन, चरबी, स्नायू, पाणी, हाडं असा सगळा पंचनामा फोनवर पाठवायचा. वर 'शरीराचं वय' हा आगाऊपणा होताच. एक्केचाळीस वर्षांच्या बाईला त्याने पहिल्याच दिवशी एकावन्न वर्षांची ठरवलं.

त्या दिवसापासून घरातली सकाळ काट्याच्या मर्जीने उजाडू लागली. दोनशे ग्रॅम उतरले की बाई गुणगुणत डबे भरायची. शंभर चढले की भांड्यांची आदळआपट आणि आरशासमोर उभं राहून स्वतःचाच उद्धार. "शी! ही काय कंबर आहे? मला माझीच किळस येते." नवरा हसण्यावारी न्यायचा. चौदा वर्षांची लेक शेजारी दप्तर भरत असायची. लेक म्हणजे हुबेहूब आई. तोच गोल चेहरा, तेच भरलेले दंड. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं, असं शेजारीपाजारी कौतुकाने म्हणत.

वजन लवकर उतरावं म्हणून बाईने संध्याकाळपासून पाणी पिणंच सोडलं. सकाळी वजन कमी दिसे खरं, पण चरबीचा आकडा उलट वाढलेला! बिचारी आणखी दोन घास कमी करी. काट्याला चरबी दिसत नसते, हे तिला कोण सांगणार? शरीरातून वीज किती अडखळत जाते एवढंच तो मोजतो आणि बाकीचा अंदाज बांधतो. अंगात पाणी कमी असलं की वीज जास्त अडते आणि अंदाज फसतो. इथे त्या अंदाजावर एक बाई रोज रडत होती.

अधूनमधून फोन एक प्रश्न विचारायचा. "त्रेचाळीस किलो आठशे ग्रॅम. हे वजन तुमचं आहे का?"

"माझं? एवढं कुठलं आलंय माझं नशीब!" असं म्हणून बाई 'नाही' दाबायची. चार दिवसांनी पुन्हा तेच, बेचाळीस किलो. मग एक्केचाळीस. यंत्रच ते, चुकायचंच, असं म्हणून तिने दर वेळी 'नाही' दाबलं. मग कुणाचं, हे तिच्या मनात एकदाही आलं नाही.

त्याच सुमारास ती लेकीच्या शाळेचा स्कर्ट दुकानात घेऊन आली. दुकानातले मास्तर सत्तरीचे. कापड बेतणं त्यांच्याकडे होतं, आणि शाळेतल्या प्रत्येक मुलाचं दर वर्षीचं माप त्यांच्या वहीत होतं.

"कुणाचा गं हा?" मास्तरांनी विचारलं.

"आमच्या लेकीचा. कमरेत दीड इंच आत घ्यायचाय. उंची काढतेय ना, बारीक होतेय."

"याआधी कधी घेतला होतास?"

"मागच्या महिन्यात. त्याच्या आधी एकदा."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. वही काढून पान शोधलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग त्यांचा आवाज चढला. "अगं, पंचेचाळीस वर्षं मुलांची मापं घेतोय मी! मुलांचं माप पुढे जातं. फार तर थांबतं. असं महिन्या महिन्याला मागे येत नाही. आलं तर मी शिवत नाही, आधी घरी विचारतो."

"मास्तर, तुम्ही उगाच घाबरवताय."

"तुझे दोनशे ग्रॅम तुला रोज कळतात. पोरीचे चार इंच तुझ्याच सुईखालून गेले, आणि ते तुला दिसले नाहीत?"

बाईने फोन उघडला. 'नाही' म्हटलेले आणि तिने कधी न पाहिलेले सगळे आकडे यंत्राने एका बाजूला जपून ठेवले होते. दिवसातून सहा-सहा नोंदी. शाळेत जायच्या आधी, आल्यावर, जेवणानंतर. पहिला आकडा बावन्न होता आणि आज सकाळचा एकोणचाळीस!

ती तशीच घरी धावली. लेक काट्यावरच उभी होती. पाठीचे मणके सदऱ्यातून मोजता येत होते.

"उतर! उतर आधी खाली!"

"थांब ना आई, आकडा येतोय."

बाईने तिला ओढून जवळ घेतलं. हाताला नुसती हाडं लागली. "का गं केलंस असं? कुणी काही बोललं का तुला?"

"मला कोण बोलणार?" लेक शांतपणे म्हणाली. "तूच म्हणायचीस ना, तुला तुझी किळस येते. आणि मी तुझ्यासारखीच दिसते, सगळेच म्हणतात."

अरेरे! लेकीला तिने कधी एका शब्दाने दुखावलं नव्हतं. तिने फक्त स्वतःला शिव्या घातल्या होत्या, आणि पोरीने त्या एकूण एक आपल्या अंगाला लावून घेतल्या होत्या.

तीन आठवडे दवाखान्यात गेले. पोरीच्या हृदयाचे ठोके मंदावले होते. "शरीर भरून येईल, मनाचं मी सांगू शकत नाही," असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. वाढत्या वयाच्या मुलांनी या काट्याचे आकडे धरून चालायचं नसतं, हेही त्यांनीच सांगितलं. काट्याबरोबर आलेल्या कागदावर तसं छापलेलंही होतं. तो कागद कुणी वाचला नव्हता.

आता बाई वेळेवर पाणी पिते, चालायला जाते आणि लेकीबरोबर बसून पोटभर जेवते. आरशासमोर ती तोंडातून ब्र काढत नाही. परवा लेकीने चौथ्या घासाला हात थांबवला.

"आई, मी तुला आवडते?"

"खूप आवडतेस गं."

"आणि तू? तू स्वतःला आवडतेस?"

"आवडते की," बाई म्हणाली. लेकीने तिच्याकडे पाहिलं आणि ताट बाजूला सारलं. तिचा विश्वास बसला नव्हता.

मंडळी, वजन जरूर उतरवा. डॉक्टर सांगतील तेवढं आणि तसं उतरवा. पण घरात स्वतःच्या शरीराला नावं ठेवू नका. ज्याला तुम्ही नावं ठेवता, तेच शरीर तुम्ही पोटच्या पोराला दिलेलं असतं. ते परत घेता येत नाही, आणि बोललेलंही परत घेता येत नाही.