पश्चिमेच्या भिंतीतलं दार

"थांब, थांब. हे दार कुठे जातं?"

डोरीनने नकाशावर बोट टेकवलं तेव्हा हार्लन चीजचा तुकडा तोंडात टाकत होता. हात तसाच हवेत राहिला.

टेबलावर, खेळाच्या नकाशावर, डोंगराच्या पोटात खोदलेला एक किल्ला पसरला होता. एक चौकोन म्हणजे पाच फूट. न पाहिलेल्या दालनांवर काळे कागद झाकलेले. खेळाडूंच्या बाहुल्या पुढे सरकतील तसा हार्लन एकेक कागद उचलायचा आणि आत कोण दबा धरून बसलंय ते सांगायचा. राजे, राक्षस, चेटकिणी, सगळ्यांचे आवाज त्याचेच. त्याच्या तळघरात दर रविवारी दुपारी हे चालायचं. शबॉयगन गावचा बर्फातला हिवाळा ज्याने काढलाय, तो याला वेड म्हणणार नाही.

"कुठे जाणार? पलीकडे नकाशाच संपतोय," ग्लेन म्हणाला. ग्लेन नळ दुरुस्त करायचा आणि खेळात जादूगार होता. "नुसता खडक आहे बाई तिकडे."

"हार्लनच्या नकाशात उगाच दार नसतं. विहिरीत एक दगड जास्त होता, आठवतं? त्याच्याखाली अख्खं देऊळ निघालं. आणि तू तेव्हाही म्हणालास, नुसता दगड आहे."

"मी तेव्हा सॉसेज खात होतो."

"तू कायमच सॉसेज खात असतोस."

हार्लनने चीज तोंडात टाकलं आणि उत्तर टाळलं. ही त्याची जुनीच रीत, त्यामुळे कोणाला संशय आला नाही.

दिवसा तो गालिच्यांच्या दुकानातर्फे लोकांच्या खोल्या मोजायचा. संध्याकाळी, जगात नसलेल्या खोल्या काढायचा. पट्टी, शाई, बारीक निबाचं पेन. कागद जुना दिसावा म्हणून वर कॉफी शिंपडायची आणि तो घर तापवायच्या भट्टीच्या उबेवर वाळवायचा. त्याच्या नकाशात खुर्ची पडलेली असली तर ती कोणीतरी पाडलेली असायची.

हा नकाशा त्याने काढला नव्हता. कॉम्प्युटरला दोन ओळींत सांगितलं, कॉम्प्युटरने चहा गाळायच्या आत काढून दिला. हार्लनने तो छापून आणला. मग त्यावर कॉफी शिंपडली.

कारण म्हणाल तर कारण नव्हतं. त्याचा हात कापत नव्हता, नजर शाबूत होती. एखादा आजार असता तर निदान सांगायची सोय झाली असती. त्याला कंटाळा आला होता, इतकंच. पश्चिमेच्या भिंतीतलं हे दार त्याने सकाळीच पाहिलं होतं. एका जिन्याला शेवटची पायरी नव्हती, तेही पाहिलं होतं. म्हटलं, कोण बघतंय.

"हार्लन," डोरीनचा आवाज एकदम खाली आला. "हे ते दार आहे का?"

ग्लेनने चघळणं थांबवलं.

'ते दार' म्हणजे काय हे तिघांनाही ठाऊक होतं. डोरीनचा नवरा लाइल याच टेबलावर, त्या चौथ्या खुर्चीत बसून खेळायचा. त्याचं पात्र एक भटका गवई. लाइल गेला, आणि त्याच्या गवयाचं काय करायचं हा प्रश्न आला. त्याला मारायला हार्लनची जीभ रेटेना. दफनानंतरच्या रविवारी त्याने सांगितलं, गवयाने डोंगरात एक दार उघडलं, आत गेला, दार मिटलं. बस्स. पुन्हा त्या दाराचं नाव कोणी काढलं नाही.

"मी विचारणार नव्हते," डोरीन म्हणाली. "म्हटलं, तुझ्या मनात येईल तेव्हा तू काढशील."

तिने आपली बाहुली उचलली. हातात कुऱ्हाड घेतलेली ठेंगणी लढवय्यी. रंग लाइलने दिला होता. भिवया जरा जास्तच रागीट झाल्या होत्या आणि ते बरोबर आहे असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. तिने बाहुली दारासमोरच्या चौकोनात ठेवली. वीस बाजूंचा फासा मुठीत घोळवला आणि टाकला.

वीस पडले. इतर वेळी ग्लेन खुर्चीवर उभा राहिला असता.

"उघडलं," डोरीन म्हणाली. "काय दिसतंय?"

गवयाचा आवाज हार्लनला येत होता. लाइल तो नाकात काढायचा, मुद्दाम बेसूर. दोन वाक्यं पुरली असती. आयुष्यभर त्याने भुतांना बोलतं केलं होतं, हे एक काही जड नव्हतं. त्याने तोंड उघडलं.

"हा नकाशा मी काढलेला नाही."

"मग काय मांजरीने काढला?" ग्लेन म्हणाला, आणि म्हटल्या म्हटल्या त्याला ते परत घ्यावंसं वाटलं.

"कॉम्प्युटरने. दार चुकून आलंय. त्याच्यामागे काही नाही." हार्लन टेबलाकडे बघत बोलत होता. "मला दिसलं होतं. मी तसंच ठेवलं."

वरच्या मजल्यावर फ्रिजची घरघर सुरू झाली. डोरीनने नकाशाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"आणि हे कॉफीचे डाग?"

"ते मी टाकले."

"छान आलेत," ती म्हणाली.

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने कोट घातला, जिन्याजवळ बसून बूट चढवले. ग्लेन उरलेलं सॉसेज कागदात गुंडाळू लागला, मग नको म्हणून परत ताटात ठेवलं. हार्लन बाहुल्या गोळा करायला वाकला.

"तिला हलवू नकोस," डोरीन जिन्यावरून म्हणाली.

"डोरीन, आत काही नाहीये गं."

"ऐकलं मी. आज नाहीये." तिने हातमोजे ओढले. "शाळेची बस चालवायचे मी. दाराशी थांबायची सवय आहे. तिलाही असेल."

ती गेली. ग्लेन गेला. लढवय्यी दाराकडे रागाने बघत उभी होती.

त्या रात्री हार्लन ओट्याशी उभ्यानेच जेवला. एरवी तो खाली त्याच टेबलावर जेवायचा, पण तिला हलवायचं नव्हतं.

मग खाली येऊन त्याने नकाशाच्या पश्चिमेच्या कडेला एक कोरा कागद चिकटवला, पट्टी धरली आणि चौकोन आखायला घेतले. पहिली रेघ वाकडी आली. खोडली. स्वतःसाठी कॉफी केली, आणि कप कागदापासून लांब, जमिनीवर ठेवला.