म्हातारा बोलायचा थांबेपर्यंत

गेल्या अकरा वर्षांत मी पाच वेळा जग बुडवलंय. एकदा धूमकेतूने, एकदा बुरशीने, दोनदा पुराने आणि एकदा चुकून. गेमच्या प्रोग्रामरला हे पगारातच धरलेलं असतं. त्यामुळे यंत्रं एक दिवस जगाचा ताबा घेणार, असं कुणी गंभीर चेहऱ्याने सांगू लागलं की मला जांभई येते. असं बोलणाऱ्याने यंत्र आतून पाहिलेलं नसतं. आमच्या ऑफिसातल्या प्रिंटरला कागद संपलाय की अडकलाय हे अजून कळत नाही, तो जगाचा ताबा घेऊन ठेवणार कुठे?

प्रिंटरचं हे उदाहरण माझ्या वडिलांना शंभरदा सांगून झालंय, पण त्यांचं मत वेगळं आहे. ते साहित्याचे निवृत्त प्राध्यापक. पस्तीस वर्षं त्यांनी पोरांना जाडजूड कादंबऱ्या शिकवल्या, आणि आता वर्गात मी एकटाच उरलोय. सकाळी चहाचा कप हातात येतो न येतो तोच तास सुरू. वॉशिंग मशीन कपडे धुऊन झाल्यावर गाणं वाजवतं, हे बाबांच्या मते शेवटाचं पहिलं लक्षण. दारावरची बेल फोनमध्ये वाजते, हे दुसरं. अशी लक्षणं त्यांनी एका वहीत क्रमवार लिहून ठेवली आहेत आणि माझा व्यवसाय त्यात नवव्या क्रमांकावर आहे. मला निदान पहिल्या पाचात यायची आशा होती.

त्यांच्या कादंबऱ्यांबद्दल मलाही मतं आहेत आणि ती मी लपवत नाही. नायक येतो एकशेचाळिसाव्या पानावर. तोवर नायकाच्या आत्याच्या कोटाची बटणं मोजून होतात. ती आत्या पुढे कशालाही उपयोगी पडत नाही. गेममध्ये असलं पात्र मी दुपारच्या जेवणाआधी काढून टाकलं असतं. बाबा म्हणतात, म्हणूनच तुझ्या गेममधली माणसं भिंतीवर चालत जातात. ते खरं आहे, पण त्याचं कारण तांत्रिक आहे.

तर आमच्या नव्या गेममध्ये जग बुडणार होतं आणि आमचा बॉस, ज्याला आम्ही कप्तान म्हणतो, त्याला गावच्या चौकात एक म्हातारा हवा होता. बाकावर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सावध करणार. आमची लेखिका महिन्यापूर्वी सोडून गेलेली. कप्तान मला म्हणाला, चार वाजेपर्यंत दहा वाक्यं टाक. माझं आणि लेखनाचं विळ्याभोपळ्याचं सख्य. मी डोळे मिटले आणि कानात बाबांचं जे बोलणं वाजत होतं ते टाइप करत सुटलो. चार वाजेपर्यंत तीनशे बारा वाक्यं झाली. त्या बटणांवाल्या आत्यासकट.

बाबांना मी हे सांगितलं नाही. परवानगी मागितली असती तर त्यांनी आधी मसुदा तपासायला मागितला असता.

शुक्रवारी सकाळी दोन पाहुणे गेम बघायला येणार होते. ते हो म्हणाले तर गेम बाजारात, नाही म्हणाले तर आम्ही अकराही जण घरी. बाकीच्यांना बेकारीची भीती होती. मला बेकारी आणि दिवसभर बाबा, अशी दुहेरी होती.

आणि गुरुवारी सकाळी टोचणी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. टोचणी हे आम्हीच ठेवलेलं नाव, ही आमची तपासनीस. गेम खेळून त्यातले दोष शोधणं हे तिचं काम, आणि ती ते फार मन लावून करते. तिने शांतपणे सांगितलं, की जग बुडत नाहीये. सव्वादोन तास वाट पाहिली. आभाळ लाल झालं, कुत्री पळाली, सगळं ठरल्याप्रमाणे झालं, पण शेवट काही येत नाही.

मी आधी तिच्या कॉम्प्युटरला दोष दिला, मग नेटवर्कला, मग कप्तानच्या पायगुणाला. बाराच्या सुमारास घोडं कुठे अडलंय ते सापडलं. कुणी बोलत असताना जग बुडवायचं नाही, असा नियम मीच केला होता. वाक्य अर्धवट तुटलेलं वाईट दिसतं. सगळे गप्प झाले की सात सेकंदांनी शेवट. आणि म्हातारा गप्पच होत नव्हता. तीनशे बारा वाक्यं संपली की पुन्हा पहिल्यापासून. जग बुडणार, जग बुडणार असं तो सांगत होता, म्हणून जग बुडत नव्हतं.

तो गप्प कधी होणार, हेही मीच लिहिलं होतं. हुबेहूब बाबांसारखा करायच्या नादात मी अट घातली होती, की समोरच्याने 'बरोबर आहे तुमचं' म्हटल्याशिवाय थांबायचं नाही. खेळणाऱ्याला उत्तरासाठी चार बटणं दिली होती. 'पण बाबा', 'तसं नसतं ते', 'मला उशीर होतोय' आणि 'हं'. पाचवं बटण मी केलंच नव्हतं.

"तीनशे बारा वाक्यं आठवली आणि हे एक विसरलास?" टोचणीने विचारलं.

विसरलो, असं मी म्हणालो. पण विसरायला आधी ते माहीत असावं लागतं. एक्केचाळीस वर्षांत मी ते वाक्य बाबांना एकदाही म्हटलेलं नाही, हे मला तिथे खुर्चीवर बसल्याबसल्या कळलं आणि मला फार ओशाळल्यासारखं झालं.

बटण करायला दोन मिनिटं लागली. ते दाबलं, तर म्हाताऱ्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. पुढचं वाक्यच नव्हतं. कुणी आपल्याला बरोबर म्हटल्यावर तो काय बोलणार? माझ्याकडे त्याची काहीच माहिती नव्हती. अंदाजाने लिहिण्यात अर्थ नव्हता, कारण बाकीचा म्हातारा अस्सल होता. मी टोचणीला म्हटलं, तासाभरात येतो, आणि घरी गेलो.

बाबा खिडकीशी भिंग घेऊन वाचत बसले होते. भर दुपारी मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं, पण संधी वाया घालवणाऱ्यातले ते नव्हेत. फ्रीजचं दार उघडं राहिलं की तो आता ओरडतो, हे सतरावं लक्षण त्यांनी सविस्तर मांडलं. जो माणूस स्वतःच्या घरात बोलणी खातो त्याचं पुढे काय होणार, इथपर्यंत आले. माझ्या जिभेवर 'पण बाबा' आलं होतं. ते गिळणं सोपं गेलं नाही.

"बरोबर आहे तुमचं, बाबा," मी म्हणालो.

ते थांबले. भिंग खाली ठेवलं. उठून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"नोकरी गेली का रे?"

नाही म्हटलं. उद्या कदाचित. ते पुन्हा खिडकीशी जाऊन बसले. नंतर ते जरा सरकले आणि मला म्हणाले, "बस मग."

मी बसलो. बऱ्याच वेळाने धीर करून विचारलं, की जग खरंच बुडणार असं तुम्हाला वाटतं का.

"छे. इतकी वर्षं टिकलंय, ते तुझ्या प्रिंटरने बुडतंय होय?"

"मग रोज कशाला सांगता?"

"एरवी तू बोलतोस कुठे?" ते म्हणाले. "कशी आहे तब्येत विचारलं तर हं म्हणतोस. जग बुडणार म्हटलं की निदान अर्धा तास भांडतोस."

मी तिथे तासाभराऐवजी अडीच तास बसलो. टोचणीचे सात फोन येऊन गेले.

परत येऊन मी म्हाताऱ्याच्या तोंडी शेवटचं वाक्य घातलं, 'बस मग'. बटण दाबलं की तो बाकावर सरकून जागा करतो आणि खेळणारा शेजारी बसतो. मग सात सेकंदांनी शेवट. एकदा चालवून पाहिलं आणि ते सात सेकंद मला सहन होईनात. मी त्यांची चार मिनिटं केली.

टोचणीने संध्याकाळी दोषांच्या यादीत नोंद केली, की म्हातारा गप्प झाल्यावर चार मिनिटं काहीच घडत नाही. मी त्या नोंदीपुढे लिहिलं, हा दोष नाही. कप्तानने मला वेड लागलंय का विचारलं. मी म्हणालो, बहुधा.

शुक्रवारी पाहुण्यांपैकी चष्मेवाल्या बाईंनी खेळायला घेतलं. म्हाताऱ्याशी त्या पंचवीस मिनिटं हिरिरीने भांडल्या. मग पाचवं बटण दाबून त्याच्या शेजारी बसल्या. आभाळ लाल, चौक रिकामा, बाकावर दोघं. कप्तान घड्याळ बघत होता आणि नखं खात होता. बाईंनी हात मांडीवर ठेवले होते. मग जग नीट, ठरल्याप्रमाणे बुडलं.

"सगळं ठीक आहे," बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "फक्त शेवट जरा लवकर आला."