उंबऱ्यापुढचा ळ

वेंकूबाईंच्या दारात कोलम नाही, असा दिवस समोरच राहणाऱ्या अंबुजाने लग्न होऊन तंजावरात आल्यापासून पाहिला नव्हता. पहाटे सडा, मग तांदळाच्या पिठाची रांगोळी, म्हणजे कोलम, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्याच्या शेजारी हातभर मोठं एक मराठी अक्षर. गल्लीतल्या मराठी घरांतली पोरं मराठी बोलतात, निदान समजतात तरी. पण वाचायचं म्हटलं की सगळा आनंदच. पोरांना कशाला नावं ठेवायची, अंबुजा स्वतः मराठी चिठ्ठी तमिळ लिपीत लिहायची! म्हणून वेंकूबाई दर रविवारी पोरं गोळा करत. परातीतल्या तांदळात बोट फिरवायचं, चिंचोके मांडून अक्षर करायचं, एकमेकांच्या पाठीवर गिरवून ओळखायला लावायचं. अंबुजाची पाच वर्षांची कीर्तना तर या खेळांपायी जेवण विसरायची.

वेंकूबाई एकट्या राहायच्या. त्यांचं दार सजलेलं दिसलं, की गल्ली समजायची, बाई उठल्या, ठीक आहेत. कोलम नसला तर घरात काहीतरी विपरीत घडलंय, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही.

त्या रविवारी सातच्या सुमारास दूध आणायला निघालेल्या अंबुजाला समोर नुसताच ळ दिसला. सडा नाही, कोलम नाही. गुडघे दुखत असतील, आज बाईंनी आटोपतं घेतलं, असं म्हणून ती पुढे गेली. कामाची घाई, दुसरं काय!

दहाला पोरं जमली आणि दार उघडेना. हाका मारून झाल्या, कडी वाजवून झाली. शेवटी गल्लीतला तमिळ इस्त्रीवाला नटराज मागच्या भिंतीवरून आत उतरला आणि त्याने कडी काढली. वेंकूबाई चुलीपाशी पडल्या होत्या. तोंड वाकडं झालेलं, डोळे उघडे, आणि उजवा हात अंगाखाली दुमडलेला.

नवरा सतीशकुमार सकाळीच ड्यूटीवर गेलेला, तेव्हा कीर्तनाला काखोटीला मारून अंबुजा नटराजबरोबर इस्पितळात पोचली. तपासण्या झाल्या. मेंदूत गुठळी अडकली आहे, डॉक्टरांनी तमिळमध्ये सांगितलं, आणि विचारलं की यांना धडधाकट शेवटचं कधी पाहिलं. अंबुजाने क्षणभरही विचार केला नाही. सातला, म्हणाली, त्यांनी दारात अक्षर काढलंय. नटराजनेही मान डोलावली, त्यानेही पाहिलं होतं. डॉक्टरांचा चेहरा सैल झाला. साडेचार तासांच्या आत असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं, हातपाय परत येऊ शकतात. उशीर झालेला असेल तर त्याच इंजेक्शनाने डोक्यात रक्त फुटतं आणि माणूस जातो. पण आपण वेळेत आहोत, असं म्हणून त्यांनी नर्सला तयारी करायला सांगितलं. अंबुजाने मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडले.

तेवढ्यात कीर्तनाने तिचा पदर ओढला.

"अम्मा, ते आजीनं नव्हतं काढलं. मी काढलं."

अप्पा ड्यूटीला निघाले तेव्हा ती त्यांच्यामागे दारात आली होती. आजींचा उंबरा रिकामा, आणि पिठाची करवंटी दाराबाहेरच्या कोनाड्यात. आठवडाभर ळ गिरवून झाला होता. आजी उठून बघतील, खूश होतील, म्हणून काढला.

अंबुजाने हिशेब केला. म्हणजे वेंकूबाईंना शेवटचं पाहिलं ते काल संध्याकाळी, इडलीचं पीठ द्यायला गेली तेव्हा. मध्ये सगळी रात्र गेली होती. आणि उंबरा रिकामा राहिला असता, तर सातलाच अख्खी गल्ली दार ठोठावत उभी राहिली असती. हे काय झालं, देवा, हे काय करून बसलं लेकरू!

कीर्तना मराठीत बोलली होती. तिचं बोलणं तिथे एकट्या अंबुजाला कळलं होतं. नर्स ट्रे घेऊन पलंगापाशी आली होती. गप्प राहिली असती तर लेकीवर कुणी बोट दाखवलं नसतं.

"थांबा डॉक्टर," ती तमिळमध्ये म्हणाली, "ते अक्षर त्यांनी काढलेलं नाही. माझ्या मुलीनं काढलंय."

डॉक्टरांनी ट्रे परत पाठवला आणि खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. दुसरी औषधं सुरू करू, जीव बहुतेक वाचेल, हाताचं सांगता येत नाही, एवढंच ते म्हणाले. नटराज मटकन बाकावर बसला.

कीर्तना एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिचे ओठ थरथरायला लागले.

"ळ चुकला काय, अम्मा?"

अंबुजा खाली बसली, तिने लेकीला जवळ ओढलं.

"नाही गं. इतका बरोबर काढलास, की आम्हां सगळ्यांना तो आजींचाच वाटला."

कीर्तना हसली आणि आजींना ते सांगायला पलंगाकडे पळाली.